नऊ ग्रॅमचा ढब्बू

काम एवढंसंच होतं. आरोग्य केंद्रात जायचं, ढब्बूला काट्यावर ठेवायचं, प्रकृती ठीक असल्याचा दाखला घ्यायचा आणि येताना कोपऱ्यावरून कपड्यांचा साबण आणायचा. यातलं साबणाचं काम तेवढं त्या दिवशी झालं.

दाखला हवा होता पाळणाघराला. ढब्बूच्या आईची रजा दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढवली तर खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल, असं ऑफिसने अतिशय गोड भाषेत कळवलं होतं. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. सासूबाई घरात होत्या, पण त्यांचे गुडघे आणि दहा महिन्यांच्या ढब्बूचं रांगणं यांचा वेग जुळत नव्हता. पाळणाघरात कशीबशी एक जागा मिळाली होती आणि तिथल्या ताईंनी बजावून ठेवलं होतं, "शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत दाखला. पाच वाजून एक मिनिट झालं की मी यादीतल्या पुढच्या नंबरला फोन लावणार. चौदा जणी आहेत हो यादीत, आणि चौदाही तुमच्याइतक्याच घाईत आहेत."

ढब्बूची आई म्हणजे काळजीचं चालतंबोलतं कार्यालय. तिच्याकडे एक वही होती. ढब्बू किती वाजता झोपला, कोणत्या कुशीवर झोपला, शिंकला तर किती वेळा, सगळं तीत. त्यामुळे सोमवारी केंद्रातल्या नव्या काट्यावर ढब्बूला बसवलं आणि समोर ९.००० असा आकडा उमटला, तेव्हा तिला विलक्षण समाधान वाटलं. बरोबर नऊ किलो. ना इकडे ना तिकडे. तिने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. नेहमीच्या मोठ्या सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या. बदलीवर आलेल्या सिस्टरांनी कॉम्प्युटरमध्ये "९" टाइप केलं आणि मशीनमधून दोन पानं निघाली. ढब्बूने एका पानाचा कोपरा चाखून पाहिला. घरी येऊन तिने पानं वाचली.

"वजन: ०.००९ किलो. शेरा: अतितीव्र कमी वजन. पाळणाघरासाठी अपात्र. पुढील तपासणी पंधरा दिवसांनी."

तिने तीनदा वाचलं. मग ढब्बूकडे पाहिलं. ढब्बू त्या वेळी खुर्ची ढकलत स्वयंपाकघराच्या दिशेने चालला होता.

"बघू," म्हणत सासूबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "मी म्हणत नव्हते का, की दूध पुरत नाहीये त्याला?"

"आई, नऊ ग्रॅम लिहिलंय! नऊ ग्रॅमचं माणूस असतं का?"

"आकडा मला कळत नाही. पण कमी म्हटलंय ना? मग कमीच असेल. उगाच का कोणी कमी म्हणेल?"

समोरच्या दारातून हेडबाई आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. कोणाच्याही घरात कागद फडफडला की त्यांना ऐकू येतो. त्यांनी पान हातभर लांब धरून वाचलं आणि सुस्कारा टाकला. "छत्तीस वर्षं मी प्रगतिपुस्तकं लिहिली, सूनबाई. एक सांगते. आकडा चुकू शकतो, शेरा चुकत नाही."

"अहो पण बाई, आकड्यावरूनच तर शेरा येतो!"

"तेच तर. तरीही चुकत नाही." आणि जाता जाता त्यांनी उपायही सांगितला: पुढच्या वेळी वजनाआधी मुलाला भरपूर पाणी पाजायचं आणि लंगोटात एखादी किल्ली ठेवायची. ज्या बाईंनी छत्तीस वर्षं कॉपी करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढलं, त्यांचा हा सल्ला.

ढब्बूच्या बाबांचा स्वभाव आनंदी. त्यांनी ती दोन पानं टाचणीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. "अकरा ग्रॅम," ते म्हणाले. "पोरापेक्षा त्याचा दाखला दोन ग्रॅमने जास्त. नाकापेक्षा मोती जड."

"हसू नका. शुक्रवारपर्यंत दुसरा दाखला नाही आणला तर माझी नोकरी गेली."

ते हसायचे थांबले. हा त्यांचा मोठा गुण.

मंगळवारी ती ढब्बूला घेऊन केंद्रात गेली. नोंदणीच्या खिडकीमागे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्यापुढे कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरवर त्यांची अशी श्रद्धा होती की त्याच्याकडे पाठ करून ते कधी उठतही नसत. तिने ढब्बूला खिडकीच्या फळीवर उभा केला. हातच्या काकणाला आरसा कशाला? ढब्बूने आत हात घालून त्यांचं हजेरीचं रजिस्टर ओढलं.

"हा बघा. हा नऊ ग्रॅमचा आहे का?"

गृहस्थांनी ढब्बूकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. त्यांचा कौल पडद्याच्या बाजूने लागला. "दिसायला बरा आहे. पण इथे तीव्र आहे."

"मग पुन्हा वजन करा!"

"तीव्र शेरा आला की पंधरा दिवस वजन करता येत नाही, मॅडम. मशीन घेत नाही. मधल्या काळात आहार द्यायचा." त्यांनी एक छापील तक्ता पुढे केला. "रोज दोन ग्रॅम वाढ अपेक्षित आहे. मनावर घ्या, होईल."

"हो, आणि पंधरा दिवसांनी तो एकोणचाळीस ग्रॅमचा होईल! अहो, तुमच्या रजिस्टरचं पान सोडवायला दोन माणसं लागतायत!"

"मॅडम, मी काय म्हणतो, चिडू नका. आईच्या चिडण्याचा मुलाच्या वजनावर परिणाम होतो."

मागच्या रांगेतल्या तीन बायांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ती जन्मात विसरणार नाही. ही ती बाई. हिने मूल उपाशी ठेवलंय. आणि वर आवाज चढवतेय. आकडा एक, पण ज्याने त्याने मनातल्या मनात त्याचं काहीतरी करून टाकलेलं. सासूबाईंनी त्याचं दूध केलं, हेडबाईंनी परीक्षा केली, रांगेने आईची कुचराई ठरवली. तिला मात्र कोणी एका शब्दाने विचारलं नाही, की बाई, हे नऊ म्हणजे नऊ काय?

घरी येईपर्यंत ती हाच प्रश्न घोकत होती. प्रश्न फार महत्त्वाचा होता, हे तिला बुधवारी कळलं.

बुधवारी मोठ्या सिस्टर कामावर परतल्या. त्यांनी पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "गोल आला होता ना?"

"कोण?"

"आकडा! नऊ, आठ, सात असा गोल आला की हे मशीन बिघडतं. बदलीवाल्या पोरीला कोणी सांगितलं नसणार. आम्ही पॉइंट एक वाढवून टाकतो. नऊ आला की नऊ पॉइंट एक, आठ आला की आठ पॉइंट एक. सगळ्या केंद्रांत असंच करतात."

"पण नऊ पॉइंट शून्य टाकून बघितलंत?"

"टाकलं की पॉइंट आणि शून्य दोन्ही गिळतं. हुशार आहे ना, उगाच जागा अडवायला नको म्हणून पुसून टाकतं."

ढब्बूची आई बाकावर बसली. गोल आकडा ग्रॅम, पॉइंटवाला आकडा किलो. जगात असला नियम दुसरं कोण करणार? तिनेच केला होता.

इथे थोडं मागचं सांगायलाच हवं. ती नोकरी करत होती ती डेटाबेसच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदवह्यांच्या कंपनीत, आणि आरोग्य केंद्रांचं काम तीन वर्षांपूर्वी तिच्याच टेबलावर आलं होतं. डेटाबेसला आकडा, तारीख, अक्षरं असे काही प्रकार उपजतच कळतात. पण आपल्याला हवा तर आपण नवा प्रकार घडवू शकतो. तिने घडवला "वजन". मोठ्या हौसेने घडवला. आता अडचण अशी, की सिस्टर टाइप करणार नुसता आकडा, आणि डेटाबेसला हवं वजन. आकड्याचं वजन करायचं कसं, हे त्याला सांगावं लागतं. ते दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक म्हणजे, कोणी स्पष्ट शब्दांत "याचं वजन कर" म्हटलं तरच कर. दुसरी म्हणजे, कोणाला न विचारता परस्पर करून टाक. केंद्रांत तेव्हा जुने काटे होते, त्यांच्यावर ८४५० असे ग्रॅम दिसत. काही नवे होते, त्यांच्यावर ८.४५ असे किलो. तिने मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं, "सिस्टरांना किती कामं असतात! एकक टाइप करायचा त्रास त्यांना कशाला? पूर्ण आकडा आला की ग्रॅम समजायचे, पॉइंट आला की किलो. डेटाबेस परस्पर ओळखेल." लोकांनी टेबलं वाजवली होती. पुढे जुने काटे भंगारात गेले. नियम मागे राहिला. आणि एक दिवस एक मूल बरोबर नऊ किलोचं होईल, आणि ते तिचंच असेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. काळजीच्या वहीचा तेव्हा जन्म व्हायचा होता.

"अहो, बसून काय राहिलात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "शेरा काढायचा अधिकार आहे मला. काढते, नऊ पॉइंट एक टाकते, दोन मिनिटांचं काम. चला."

दोन मिनिटं. मग दाखला, पाळणाघर, सोमवार, खुर्ची. तिने "हो" म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात काट्यावरून एक बाई मुलीला उचलत होती. मुलगी काडीसारखी, डोळे तेवढे मोठे. काट्यावर ७.००० दिसलं. मोठ्या सिस्टरांनी सवयीने वळून टाइप केलं: सात पॉइंट एक.

"हिला पोषणाचा पुडा मिळेल ना?" त्या बाईने विचारलं.

"सात किंवा सातच्या आत असेल तर मिळतो. ही थोडी वर आहे. पुढच्या महिन्यात बघू."

बाई मुलीला घेऊन निघाली. ढब्बूची आई उठून उभी राहिली. "थांबा! सिस्टर, ती सातच आहे. पॉइंट एक तुम्ही टाकलात."

सिस्टरांचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. दोन वर्षं सिस्टर मुलांना शंभर-शंभर ग्रॅम दान करत होत्या. ते दान कोणाच्या ताटातून जातं हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी त्या बाईला परत बोलावलं, कपाटातून स्वतःच्या हाताने पुडा काढून दिला आणि मग हलकेच म्हणाल्या, "मशीनमध्ये काय लिहू पण?"

"माझ्या मुलाच्या नावावर पॉइंट एक लिहायचा नाही," ढब्बूची आई म्हणाली. "तो नऊ किलोचा आहे आणि नऊच किलोचा दाखला घेऊन जाणार. तुम्ही मला लेखी तक्रार द्या. सही-शिक्क्यासकट."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण तिचा निश्चय झाला होता.

घरी हे ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं, शंभर ग्रॅमसाठी नोकरीवर पाणी सोडतेस? एवढं तर त्याने आज सकाळी खाल्लं!" हेडबाई म्हणाल्या, तत्त्व वगैरे ठीक आहे, पण पेपर सोडवताना सोपे प्रश्न आधी सोडवावेत. ढब्बूच्या बाबांनी एवढंच विचारलं, "तक्रार टाइप करून देऊ का?"

गुरुवारी सकाळी तक्रार कंपनीकडे गेली. तासाभरात उत्तर आलं. ढब्बूच्या आईच्याच फोनवर आलं. "आपल्या विभागातील एक तक्रार आपल्याकडे सोपवण्यात आली आहे. आपण रजेवर असल्याने ती आपण सोमवारी हजर झाल्यावर हाताळावी." तिने ते दोनदा वाचलं. म्हणजे दाखला मिळायला तक्रार सुटायला हवी. तक्रार सुटायला ती ऑफिसात हजर व्हायला हवी. हजर व्हायला ढब्बू पाळणाघरात हवा. आणि पाळणाघराला हवा दाखला. इतका गोल आकार तर ढब्बूच्या वजनाचाही नव्हता.

तिने साहेबांना फोन लावला.

"अरे वा, कशी आहेस? बाळ कसं आहे? वजनबिजन वाढतंय ना?"

तिने दात आवळून सगळं सांगितलं.

"हो, पण तू रजेवर आहेस. रजेवरच्या माणसाने कामाला हात लावला तर मलाच विचारतील. सोमवारी बघू ना निवांत."

"साहेब, सोमवारी मी नसेन."

"असं का म्हणतेस?"

"तेच तर मघापासून सांगतेय!"

शुक्रवारी अकरा वाजता ती ढब्बूला कडेवर घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहिली. दारावरच्या पहारेकऱ्याने यादी पाहिली. "मॅडम, तुमच्या नावापुढे रजा आहे. आत सोडता येत नाही."

"मी नोकर म्हणून आलेली नाही. तक्रारदाराच्या वतीने आलेय. तक्रारदाराला आत सोडता की नाही?"

पहारेकऱ्याने दुसरी यादी पाहिली. तक्रारदाराला सोडत होते. "आणि हे?"

"हा तक्रारीतला पुरावा."

पुराव्याने पहारेकऱ्याचा बिल्ला धरला आणि सोडवायला मिनिटभर लागलं.

साहेबांच्या टेबलासमोर बसून ती म्हणाली, "मी कशाला हात लावत नाही. तुम्ही लावा. मी फक्त सांगते. गेल्या वर्षभरात केंद्रांत वजन केलेली सगळी मुलं काढा. किती?"

साहेबांनी काढली. "एक लाख सोळा हजार."

"त्यात बरोबर सहा, सात, आठ, नऊ, दहा किलोची किती?"

साहेबांनी पुन्हा टाइप केलं. पडद्यावर शून्य आलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा केलं. पुन्हा शून्य.

"आता सहा पॉइंट एक, सात पॉइंट एक, असे बघा."

तिथे मात्र ही गर्दी.

"आणि वीस ग्रॅमच्या आतली?"

"एकवीस," साहेब म्हणाले. एकवीस मुलं, सगळी मिळून एका वाटीत मावतील अशी. त्यातला एक त्या क्षणी साहेबांच्या टेबलाखाली कॉम्प्युटरची वायर चावायला निघाला होता.

"पण मी म्हणतो," साहेबांनी अखेरची धडपड केली, "हा परस्परचा नियम काढला, तर नुसता आकडा टाकला की डेटाबेस घेणारच नाही. प्रत्येक वेळी विचारेल, किलो की ग्रॅम. सगळ्या केंद्रांतून बोंब होईल. लोकांना सोय हवी असते गं. तूच म्हणाली होतीस."

"मीच म्हणाले होते. मीच चुकले होते. ज्याला कळत नाही त्याने विचारावं, साहेब. परस्पर ठरवू नये. काल-परवा एका मुलीचा पुडा गेला असता या सोयीपायी. बोंब झाली तर माझ्या नावावर टाका."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं आणि सिस्टरांच्या तक्रारीवर मंजुरीची सही केली. "वायर सोडव त्याच्या तोंडातली आणि बस खुर्चीवर. आजच्या दिवसाची रजा रद्द धरतो."

नियम काढायला एक ओळ लागली. पडद्यावर आकड्याच्या शेजारी किलो-ग्रॅमचा चौकोन बसवायला तीन तास. पैकी दोन तास ढब्बूला झोपवण्यात गेले. चार वाजून दहा मिनिटांनी तिने केंद्रात फोन लावला.

"सिस्टर, आता टाका."

पलीकडे टकटक झाली. मग मोठ्या सिस्टरांचा त्रासिक आवाज आला. "अहो, हे विचारतंय, नऊ काय म्हणून!"

"मग सांगा की."

"किलो," सिस्टर म्हणाल्या, जणू मशीनला ऐकू जाणार होतं. मग टाइप केलं. "घेतलं हो! नऊ. शेरा, सुदृढ. शेवटी गोलच्या गोल घेतलं की!"

रिक्षा, केंद्र, शिक्का, पुन्हा रिक्षा. चार अठ्ठावन्नला ती पाळणाघराच्या पायऱ्या चढली तेव्हा ताई फोन हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दाखला उजेडात धरला आणि कपाळाला आठी घातली. "बरोबर नऊ? एवढा गोल आकडा मी कधी कोणाचा बघितला नाही हो. काही चूक तर नाही? पुन्हा एकदा तपासून आणता का, म्हणजे कसं, उगाच..."

आठवडाभर ती जे ऐकत आली होती ते सगळं तिच्या जिभेवर आलं. पण तिने आवाज चढवला नाही. तिने ढब्बूला उचललं आणि सरळ ताईंच्या हातात दिलं. ताईंचे खांदे खाली आले. फोन टेबलावर पडला.

"बाप रे," ताई म्हणाल्या.

"लिहा," ढब्बूची आई म्हणाली.

ताईंनी एका हाताने ढब्बूला सावरत दुसऱ्या हाताने लिहिलं. घड्याळात पाचला एक मिनिट कमी होतं.

सोमवारी ती नऊ वाजता खुर्चीवर बसली. तिच्या नावावर तीनशे बारा तक्रारी येऊन पडल्या होत्या. सगळ्या केंद्रांतून. कोणी रागाने लिहिलेल्या, कोणी विनवणी करून, एक तर सगळी मोठ्या अक्षरांत. पण मजकूर एकच. पूर्वी मशीन गुपचूप घेत होतं, आता प्रत्येक वेळी विचारतं. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि "सांगितलं होतं" असं चेहऱ्यानेच म्हणाले.

तिने पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि पहिली तक्रार उघडली. खाली उत्तराच्या जागेत लिहिलं:

"हो, विचारतं. विचारणारच."

आणि दुसरी उघडली.